घरी ब्लाऊज शिवते, सोशल मीडियावर सुरुवात कुठून करू?

प्रश्न:

नमस्कार ताई, मी कराडची, वय ३९. अकरा वर्षं घरीच ब्लाऊज शिवते, आरी वर्क पण करते आणि दोन वर्षांपासून शिवलेली नऊवारी. अस्तराचा ब्लाऊज ४५० ला शिवते. आजपर्यंत एकीनं दुसरीला सांगितलं आणि काम येत गेलं, कधी बोर्डसुद्धा लावला नाही. पण आता आमच्याच भागात दोन बुटीक झालीत, त्यांचे इन्स्टावर फोटो असतात आणि माझ्या जुन्या बायकांच्या मुली तिकडं जायला लागल्यात. भाचा म्हणतो इन्स्टा काढ. एका मुलाचा फोन आला होता, महिन्याला १५,००० द्या, तीन महिन्यांत १०,००० फॉलोअर्स करून देतो म्हणाला. सासूबाईंना घरातलं बाहेर दाखवलेलं आवडत नाही, मला पण कॅमेऱ्यासमोर यायची लाज वाटते. इंग्रजी बेताचंच आहे. डिझाईन टाकलं की दुसऱ्या उचलतील ही पण भीती. लायसन वगैरे लागतं का? सुरुवात कुठून करू?
– शिवणकाम करणारी एक वाचक, कराड

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी त्या १५,००० चं बोलूया, कारण बाकी सगळं निवांत शिकता येईल पण हे चुकलं तर पैसे जातील. तुम्ही अस्तराचा ब्लाऊज ४५० ला शिवता, म्हणजे महिन्याला ३३-३४ ब्लाऊज नुसते त्या मुलासाठी शिवायचे, तीन महिन्यांचे ४५,००० म्हणजे बरोबर १०० ब्लाऊज झाले, आणि त्यात अस्तर, हुक, दोरा, लाईटबिल, रात्री जागून दुखणारी पाठ हे काहीच धरलेलं नाही. बदल्यात काय तर १०,००० फॉलोअर्स. ते कुठले असतील हे त्यानं सांगितलंय का? असे ठोक मिळणारे फॉलोअर्स बहुतेक वेळा खोटी अकाउंट्स असतात नाहीतर कुठली तरी लांबची माणसं, त्यातलं कुणी माप द्यायला कराडला येणार नाही. उलट नुकसानच होतं, कारण इन्स्टाग्राम तुमची पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवून बघतं, त्यांनी थांबून बघितली, सेव्ह केली, मैत्रिणीला पाठवली तर पुढे नेतं, आणि बघणारेच खोटे असले तर पोस्ट तिथंच पडून राहते. त्यामुळे त्याला गोड बोलून पण स्पष्ट नाही म्हणा.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे मशीन एक, हात दोन आणि घरचं सगळं आवरून उरलेले तास. लगीनसराईत तर आत्ताच तुम्ही बायकांना "आता नाही जमणार" म्हणून परत पाठवत असाल. मग तुम्हाला हजारो माणसं नकोच आहेत, तुम्हाला वर्षभरात तीस-चाळीस नवीन घरं पाहिजेत, ती पण कराड, मलकापूर, विद्यानगर, ओगलेवाडी, फार तर उंब्रज-मसूरपर्यंतची, आणि अशी की ज्यांना चांगलं काम हवंय आणि त्याचे पैसे द्यायची तयारी आहे. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंत ना की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कुठलं ॲप, किती पोस्टी, जाहिरात करायची का नाही, सगळं.

आणि तुमच्या जुन्या बायकांच्या मुली तिकडं का जातात, तर तुमचं काम त्यांना आवडत नाही म्हणून नाही. अहो त्यांनी तुमचं काम बघितलेलंच नाही. आईनं सांगितलं की अमुक ताईंकडे टाक, तर आताची मुलगी आधी फोन काढून बघते की या ताई नेमकं काय शिवतात, मागचा गळा कसा करतात, पफ बाही जमते का, आणि तिथं काहीच सापडलं नाही की ती जिथं फोटो दिसतात तिकडं जाते. म्हणजे तोंडी नाव अजूनही चाललंच आहे, फक्त नाव ऐकल्यावर बघायला जागा नाहीये. आपल्याला ती जागा करायची आहे.

सुरुवात इन्स्टावरून करू नका, व्हॉट्सॲपवरून करा. व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप आहे, २०१८ मध्ये आलं, फुकट आहे, आणि ते वापरायला तुम्हाला नवीन काही शिकावं लागणार नाही कारण दिसायला आपल्या नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखंच आहे. एक गोष्ट मात्र घाई न करता ठरवा, नंबर कुठला द्यायचा. लोक सांगतात नवीन सिम घ्या आणि त्यावर बिझनेस सुरू करा, पण तुमचा आत्ताचा नंबर अकरा वर्षांच्या बायकांकडे सेव्ह आहे, तो सोडायचा नाही. तोच नंबर बिझनेसवर न्या (आधी चॅटचा बॅकअप घ्या, भाचा करून देईल) आणि घरच्या लोकांसाठी, शाळेच्या ग्रुपसाठी दुसरं स्वस्तातलं सिम घ्या. एकाच फोनवर दोन नंबरांची दोन्ही ॲप चालतात. रात्री अकरा वाजता "ताई झाला का ब्लाऊज" असा मेसेज आला तर तो कामाच्या ॲपवर पडेल, सकाळी बघता येईल, हा पण एक फायदा, आणि बायकांच्या धंद्यात मला हा फायदा लहान वाटत नाही.

त्या ॲपमध्ये कॅटलॉग म्हणून सोय आहे, त्यात तुमचे फोटो, नाव आणि दर टाकून ठेवायचे. साधा अस्तराचा, प्रिन्सेस कट, कटोरी, पैठणीचा काठ लावून केलेला, आरी वर्कचा गळा आणि बाही, नऊवारीत ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी जे काही तुम्ही करता ते, प्रत्येकाचा एकच पण चांगला फोटो. कुणी विचारलं की वीस फोटो गॅलरीत शोधत बसायचं नाही, कॅटलॉगची लिंक पाठवायची. लेबल्स पण आहेत, ती लगेच वापरायला लागा, "माप घेतलं", "ॲडव्हान्स आला", "शिवून तयार", "पैसे बाकी" अशी मराठीत करून घ्या, सणाच्या तोंडावर कुणाचं काय राहिलंय हे वहीत शोधायला लागणार नाही. (वही बंद करू नका हं, मापाची वही आहे तशीच राहू दे, फोन कधी पडेल, बिघडेल सांगता येत नाही.)

स्टेटस रोज एक टाका. स्टेटस २४ तास राहतं आणि तुमच्या ओळखीच्या बायका ते खरंच बघतात, इन्स्टावर ३०० अनोळखी लोकांनी बघितलेल्या फोटोपेक्षा स्टेटसवर ६० ओळखीच्या बायकांनी बघितलेला ब्लाऊज तुमच्या जास्त कामाचा. फक्त एक अट, स्टेटस दिसायला दोघींकडे एकमेकींचा नंबर सेव्ह पाहिजे. ब्रॉडकास्ट लिस्टचं (एकच मेसेज अनेकींना वेगवेगळा पाठवायची सोय) पण तसंच, समोरचीनं तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज पोचतच नाही, त्यामुळे ब्लाऊज न्यायला आली की "नंबर सेव्ह केलाय ना?" एवढं विचारायची सवय लावा, आणि तिथंच तिच्याकडून करून घ्या. ग्रुप मात्र काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बायकांना ते नको असतं, आणि मग त्यात गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली की लोक ग्रुप म्यूट करून टाकतात.

यानंतर गुगल. याच्याकडे घरून काम करणाऱ्या बायका सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण नवीन माणूस तिथूनच येतं. कराडला नव्यानं बदली होऊन आलेल्या घरातली बाई, विद्यानगरला शिकायला आलेल्या मुली, यांना इथं कुणी ओळखीचं नसतं, त्या फोनवर "लेडीज टेलर" टाकून जवळचं कोण ते बघतात. गुगल बिझनेस प्रोफाइल काढलं तर तुम्ही तिथं दिसता, आणि ते पूर्ण फुकट आहे. कुणाचाही फोन आला की "गुगलमधून बोलतोय, इतके भरा नाहीतर तुमचं लिस्टिंग बंद होईल", तर तो खोटा, ठेवून द्या. घराचा पत्ता जाहीर करायला नको वाटत असेल तर तो लपवता येतो, फक्त कुठल्या कुठल्या भागातलं काम घेता तेवढं दाखवायचं आणि फोनवर बोलून बाई बरी वाटली की मग लोकेशन पाठवायचं. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्यांची अर्धी काळजी इथंच कमी होईल. पडताळणीसाठी गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, मशीन, कात्री, टांगलेले ब्लाऊज, दारावरचं नाव असं दाखवायचं, तो व्हिडिओ लोकांना दिसत नाही, गुगलकडेच राहतो. एवढ्यासाठी का होईना, दाराशी एक छोटी पाटी आता लावाच.

आणि रिव्ह्यू. अकरा वर्षांत तुमच्या हातचे ब्लाऊज घालून कितीजणी लग्नात मिरवल्या असतील, त्यांच्यातल्या दहाजणींना जरी लिंक पाठवून सांगितलंत की "दोन ओळी लिही गं माझ्यासाठी", तर आनंदानं लिहितील. घरातल्यांकडून, नणंदेकडून, भाच्याच्या मित्रांकडून खोटे रिव्ह्यू मात्र लिहून घेऊ नका. गुगलच्या नियमात बसत नाही हे तर आहेच, पण वाचणारीला ते लगेच कळतं. खऱ्या बाईचा रिव्ह्यू कसा असतो, "बाही थोडी घट्ट झाली होती पण ताईंनी लगेच उसवून दिली", हे वाचून जो विश्वास बसतो तो "बेस्ट टेलर" लिहिलेल्या पन्नास ओळींनी बसत नाही. कधी वाईट रिव्ह्यू आलाच तर भांडायचं नाही, "ब्लाऊज घेऊन या, दुरुस्त करून देते" एवढंच लिहायचं, कारण ते उत्तर ती बाई वाचेल न वाचेल, पुढच्या सगळ्या वाचतील.

आता फोटो. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण शिवण सुरेख आणि फोटो असा की काळ्या सोफ्यावर चुरगळलेला ब्लाऊज, मागे टीव्ही, असं मी इतक्या वेळा बघते की जीव हळहळतो. नवीन फोन घेऊ नका, आहे तोच चालेल. आधी कॅमेऱ्याची काच ओढणीनं नाही, स्वच्छ मऊ सुती कपड्यानं पुसा, अर्धे फोटो तिथंच सुधारतात. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा, सरळ ऊन नको आणि फ्लॅश तर अजिबात नको, फ्लॅशनं जरीचा काठ पांढरा पडतो आणि पैठणीचा खरा रंग दिसत नाही, मग बाई म्हणते फोटोत वेगळा होता. मागे साधी पांढरी किंवा फिकट चादर लावा, जागा एकदा ठरवा आणि तिथंच प्रत्येक ब्लाऊज काढा. जमलं तर अंगाच्या आकाराचा एक पुतळा घ्या, ब्लाऊजचं फिटिंग हँगरवर कळत नाही, हा एक खर्च मला योग्य वाटतो. आधी इस्त्री, लटकन सरळ, दोऱ्यांची टोकं कापलेली. मग एक पूर्ण मागचा गळा, एक बाही, एक जवळून आरी वर्क, आणि एक आतली बाजू. हो, आतली बाजू! तुमची शिलाई आतून किती सफाईदार आहे, अस्तर कसं बसवलंय, माया किती ठेवलीय म्हणजे पुढे सैल करता येईल, हे दाखवा. झगमगीत फोटोत आतलं कुणी दाखवत नाही, आणि आईच्या वयाच्या बायका नेमकं तेच उलटं करून बघतात.

पिंटरेस्टवरचे (डिझाईनचे फोटो बघायची साइट) फोटो स्वतःचे म्हणून कधी, कधीच टाकायचे नाहीत. कुणी तसा फोटो घेऊन आली आणि तुम्ही तसा शिवलात तर फक्त तुमचा शिवलेला टाका. एकदा का कुणाला कळलं की हा फोटो यांचा नाही, तर तुमचे खरे फोटो पण खोटे वाटायला लागतात. आणि ग्राहकाचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, मागून असला तरी, चेहरा कापला असला तरी विचारायचं. छोट्या गावात पाठीवरून, साडीवरून पण माणूस ओळखतात. तिनं व्हॉट्सॲपवर "हो टाका" लिहिलं की तो मेसेज राहू द्या.

तुमची कॅमेऱ्याची लाज, त्यावर माझं मत असं की तुम्ही चेहरा दाखवायची काहीच गरज नाही. लोकांना बघायचे असतात तुमचे हात. आरीची सुई कापडातून खाली जाऊन दोरा वर ओढते ते, खडूनं गळा आखताना, जुन्या साडीचा काठ सोडवून बाहीला लावताना, नऊवारीच्या निऱ्या बसवताना, हे मोबाइल स्टँडवर लावून वरून शूट करा, वीस-तीस सेकंद पुरे. आणि त्यावर आवाज तुमचा स्वतःचा द्या, तुम्ही घरी बोलता तसा, कराडकडचा, "ह्यो काठ जुन्या साडीचा हाय, बघा आता बाहीला कसा दिसतोय". बिझनेस अकाउंटला चालू सिनेमातली गाणी इन्स्टावर बऱ्याचदा मिळतच नाहीत, परवानगीचं म्युझिकच मिळतं, तर गाण्यामागं लागण्यापेक्षा तुमचं बोलणं शंभरपट बरं. इंग्रजी येत नाही याचं दडपण तर काढूनच टाका, तुमची गिऱ्हाइकं मराठी आहेत, व्हिडिओवर मराठीतच लिहा. फक्त एवढं करा की खाली एकदोन शब्द इंग्रजी अक्षरांत पण लिहायचे, ब्लाऊज डिझाईन, आरी वर्क, रेडी नऊवारी आणि गावाचं नाव कराड, कारण शोधताना पुष्कळ जणी मराठी शब्द पण इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. ढीगभर हॅशटॅग (# लावून लिहिलेले शोधायचे शब्द) चिकटवायची गरज नाही, चारपाच कामाचे पुरेत.

इन्स्टावर आठवड्याला दोन पोस्टी, त्यातला एक छोटा व्हिडिओ, बास. रोज टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यांचा धंदाच पोस्टी टाकायचा आहे, तुमचा शिवायचा आहे. आठवड्यात एक दुपार ठरवा, त्या दिवशी तयार झालेल्या सगळ्यांचे फोटो एकदम काढायचे आणि ठेवून द्यायचे, मग मशीनवरून उठून उठून फोटो काढणं होत नाही. फेसबुकचं पेज इन्स्टाशी जोडून ठेवा, तेच तिकडं पण जाईल, पन्नाशीच्या पुढच्या बायका तिथंच असतात. यूट्यूबचा विचार सध्या करूच नका.

काय टाकायचं हे सुचत नाही असं कधी होणार नाही, कारण तुमच्या धंद्याचं पंचांग आधीच तयार आहे. श्रावणात मंगळागौर, म्हणजे एकेका ग्रुपला सात-आठ नऊवाऱ्या, त्या बायका आषाढातच शोधायला लागतात. मग गौरी, उभ्या गौरींच्या साड्या शिवून द्यायचं काम तुम्ही घेत असाल तर ते सांगा, नसाल घेत तर यंदा विचार करा. नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. संक्रांतीला काळ्या साडीवरचा ब्लाऊज, हळदीकुंकू, बाळाचं बोरन्हाण, पाडव्याच्या शोभायात्रेला परत नऊवारी, मध्ये कॉलेजांचे साडी डे. फोटो मात्र सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही, महिना-सव्वा महिना आधी टाकायचा, आणि सोबत लिहायचं की "गौरीसाठी ऑर्डर अमुक तारखेपर्यंतच घेणार". ती तारीख आली की खरंच थांबायचं. वेळेवर ब्लाऊज मिळाला नाही म्हणून लग्नात रडणारी मुलगी जे सांगत फिरते ते कुठल्याही चांगल्या पोस्टीनं भरून निघत नाही, आणि आपल्याकडे टेलरबद्दल पहिली तक्रार वेळेचीच असते. तुम्ही नुसतं "दिलेल्या तारखेला देते" हे खरं करून दाखवलंत आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिलात तरी त्या दोन्ही बुटीकांच्या पुढे असाल.

दर लपवू नका. "किंमतीसाठी मेसेज करा" हे वाचून बऱ्याच बायका मेसेजच करत नाहीत, त्यांना वाटतं महाग असेल, विचारून नको म्हणायला संकोच वाटतो. "साधा अस्तराचा ४५० पासून, आरी वर्क कामाप्रमाणे" असं "पासून" लावून लिहा. आणि आता हात घातलाच आहे तर, अकरा वर्षांचा हात असलेल्या बाईनं त्या बुटीकांचे दर काय आहेत ते एकदा नीट बघावं असं मला वाटतं. आरी वर्कला तर तास मोजून पैसे लावा, गळ्याला सहा तास गेले तर सहा तासांचे. नवीन माणसाकडून निम्मे ॲडव्हान्स घ्यायचे, जुनीला तुम्हाला वाटेल तसं. हे सगळं, दर, ॲडव्हान्स, किती दिवसांत मिळेल, मापाचा ब्लाऊज आणायचा, हे एकदाच नीट लिहून व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवा, दरवेळी टाइप करत बसू नका.

आता पैशांवरून आठवलं, नंबर जाहीर झाला की फसवणारे पण फोन करणार, घाबरायचं नाही पण माहिती पाहिजे. ठरलेला प्रकार असा, "मी आर्मीत आहे, बायकोचे दहा ब्लाऊज शिवायचेत, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा". पैसे यायला स्कॅनही करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. दुसरा प्रकार, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, तो खोटा बनवता येतो, खात्यात जमा झाले का ते बघूनच ब्लाऊज द्या. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" म्हणणाऱ्याचं पण आधी खातं बघा. तिसरा, इन्स्टावर मेसेज येतो की तुम्ही कॉपीराइट मोडलाय, या लिंकवर जा नाहीतर अकाउंट बंद, ती लिंक उघडायची नाही. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन आजच लावा आणि इन्स्टाला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरा कोड मागणारं कुलूप) अकाउंट काढल्या काढल्या लावा, आणि ओटीपी कुणालाही नाही, भाच्याच्या मित्राला पण नाही. अकाउंट तुमच्याच नंबरवर, पासवर्ड तुमच्याच वहीत. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

जाहिरात पहिले तीनचार महिने करूच नका. पंचवीस-तीस चांगले फोटो आणि थोडे रिव्ह्यू झाले की एखाद्या मोसमाच्या आधी पाचसहा दिवस, दिवसाला १०० ते १५० रुपये लावून बघा, वर जीएसटी लागतो तो धरा. कराडच्या आजूबाजूचाच भाग निवडायचा आणि बघणारी थेट व्हॉट्सॲपवर येईल असं ठेवायचं. त्यातून किती मेसेज आले आणि त्यातल्या कितींनी खरंच कापड आणून दिलं हे वहीत लिहा, लाइक मोजू नका.

डिझाईन उचलतील का, तर हो, उचलतील. गळ्याचे आकार फिरतच असतात, तुम्हीही कुठून तरी बघूनच शिकलात. फोटोच्या कोपऱ्यात बारीक नाव टाका म्हणजे फोटो तरी सहजासहजी चोरीला जाणार नाही. पण तुमचा कागदी कटिंग, आर्महोल कसा काढता, भरदार बाईला कटोरी कुठं घेता, हे दाखवू नका, तुमची खरी कमाई ती आहे आणि ती फोटोतून कुणाला मिळत नाही. पुढेमागे क्लास काढलात तर तेच पैसे घेऊन शिकवता येईल.

लायसनचं थोडक्यात सांगते. शिवणकामाच्या सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, पुढे बँकेत कर्जाला वगैरे उपयोगी पडते म्हणून करून ठेवा, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तयार नऊवाऱ्या राज्याबाहेर विकायला लागलात तर नियम वेगळे आहेत, त्या वेळी एखाद्या सीएला विचारा.

सासूबाईंशी मात्र तुम्ही स्वतः बोला, भाच्याला पुढे करू नका. त्यांची भीती चुकीची नाहीये, घरात सुना-मुली असल्या की फोटो बाहेर जायची भीती कुठल्याही मोठ्या माणसाला वाटते. त्यांना सांगा की घर दिसणार नाही, मुलं दिसणार नाहीत, तुमचा चेहरा दिसणार नाही, फक्त कापड आणि हात, आणि पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी त्यांना दाखवा. नऊवारी नेसवण्यातलं जे त्यांना माहीत असेल ते त्यांच्याकडून विचारून घ्या, काष्टा कसा बसवायचा, पदर किती ठेवायचा, त्यांची आई कशी नेसवायची, आणि ते व्हिडिओत "माझ्या सासूबाई सांगतात" म्हणून सांगा, त्यांना आवडत असेल तर. असं बोलणं सध्या फार थोड्या जणी करतात आणि तरुण मुली ते मन लावून ऐकतात.

आणि नाव. अकाउंटला "फॅशन", "क्रिएशन", "हाउस ऑफ" असलं काही लावायची गरज नाही, तुम्हाला बायका ज्या नावानं ओळखतात तेच नाव, पुढे शिवणकाम किंवा ब्लाऊज आणि कराड, एवढंच, आणि व्हॉट्सॲप, गुगल, इन्स्टा तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं ठेवा म्हणजे शोधणारीला सापडेल. या आठवड्यात फक्त पाटी, व्हॉट्सॲप बिझनेस आणि शिवून तयार असलेल्या पाचसहा ब्लाऊजांचे फोटो, गुगल पुढच्या आठवड्यात, इन्स्टा त्याच्या पुढच्या महिन्यात. गुगलच्या व्हिडिओत कुठं अडलं तर मला परत लिहा.